बेवारस धुराडे

नवरात्र बसण्यापूर्वीच्या पंधरवड्यात खानदेशातील घराघरांतून जी झाडलोट चालते, तिचीही एक अलिखित जमाबंदी असते. माळ्यावरची पितळी भांडी कोणी उतरवावयाची, गोधड्या नदीवर कोणी न्यावयाच्या, कणग्यांवर शेणमातीचा हात कोणी फिरवावयाचा आणि ओसरीच्या भिंतीला चुना कोणी द्यावयाचा, हे कोठल्याही कागदावर नमूद नसता पिढ्यान्‌पिढ्या मुक्रर झालेले असते. आणि एखाद्या वर्षी कोणी आपल्या वाट्याचे काम टाळले, तर त्याचा बोभाटा दिवाळी उलटली तरी थांबत नाही. यावल तालुक्यातील आमच्या जुन्या घरात या जमाबंदीतून सुटलेली एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे न्हाणीघरातील बंबाचा धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी. बंब स्वतः चिंचेने घासून दर दिवाळीला सोन्यासारखा लखलखीत होई. त्याची तोटी, त्याच्या कड्या, त्याचे झाकण यांना स्वतंत्र मानकरी होते. नळी मात्र भिंतीतून बाहेर जाई, आणि एकदा बाहेर गेली की ती कोणाचीच नसे.

मी तेरा-चौदा वर्षांचा असताना नरकचतुर्दशीच्या पहाटे माझे धाकटे काका अभ्यंगाला न्हाणीत गेले ते बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. थंडी बरीच होती म्हणून त्यांनी झरोक्यात पोते कोंबले होते व दार आतून लावून घेतले होते. बंबात पऱ्हाट्या जळून निखारा झालेला होता, धूर म्हणण्यासारखा दिसतही नव्हता. आजीने हाका मारल्या, मग थापा मारल्या, आणि अखेरीस दोघांनी खांदा लावून कडी मोडली तेव्हा काका भिंतीला टेकून बसलेले, चेहरा तांबूस, डोळे अर्धे मिटलेले, असे सापडले. ओट्यावर मोकळ्या वाऱ्यात आणून निजवल्यावर घटकाभराने ते बोलू लागले व डोके फुटते आहे अशी तक्रार करू लागले. त्या दिवशी घरात याचे निदान 'पित्त' असे झाले. वडिलांनी मात्र दुपारी नळी उतरवली, आणि तिच्यातून काजळीचे ढेकूळ, वाळलेले गवत, कापसाचे बोंड आणि पिसे असा सगळा ऐवज बाहेर पडला. चिमणीत चिमणीने घरटे केले होते.

निखाऱ्याला पुरेशी हवा मिळाली नाही, म्हणजे त्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा जो वायू निघतो त्याला रंग नसतो, वास नसतो, डोळ्यांना तो झोंबत नाही. आणि रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा त्या द्रव्याशी या वायूचे सख्य प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते, सबब तो एकदा आत शिरला की प्राणवायूला बेदखल करून स्वतः ठाण मांडतो. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तोपर्यंत आमच्या घरची नळी पुन्हा दोनदा तुंबली होती.

आता 'चिमणी' या शब्दाचीच गंमत पाहा. मराठीत तो पाखराचे नाव, घासलेटच्या दिव्याचे नाव, कंदिलाच्या काचेचे नाव आणि गिरणीच्या उंच मनोऱ्याचेही नाव. 'धुराडे' हा आपला खरा शब्द क्रमिक पुस्तकांत आणि आगगाडीच्या वर्णनांत राहिला, घरात फारसा रुळला नाही. कारण घरात ती वस्तूच नव्हती. खानदेशातील जुने घर धाब्याचे: जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर खारी माती चोपून केलेले सपाट छत. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, त्या उष्म्यापासून हे घर जितके रक्षण करते तितके कौलारू वा पत्र्याचे घर करू शकत नाही. तथापि त्याला खिडक्या थोड्या, आणि धुराला वाट म्हणाल तर चुलीवर छताला पाडलेले एक साणे, जे पावसाळ्यात मडके पालथे घालून झाकले जाई. म्हणजे ज्या चार महिन्यांत सरपण ओले आणि धूर सर्वांत दाट, नेमक्या त्याच चार महिन्यांत धुराचा रस्ता बंद.

आमच्याकडे चुलीला 'चुल्हा' म्हणतात आणि धुराला 'धुक्कय'. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांत हे दोन्ही शब्द आले म्हणून ते उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. परंतु १९५२ साली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून निघाली तेव्हा ती वाचणाऱ्या पुण्यामुंबईच्या रसिकांपैकी कितीजणांनी त्या धुरात बसून भाकरी थापली होती, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो. धुराचे काव्य होऊ शकते ते कवीच्या सामर्थ्याने. धुरामुळे होणारी डोळ्यांची लाही आणि छातीची धाप यांना त्याने उतार पडत नाही. १९८३ साली कर्क स्मिथ, अगरवाल आणि दवे यांनी गुजरातेतील खेड्यांतल्या स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच हवा मोजण्याची साधने बांधून जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याने हा धूर कवितेतून काढून आरोग्यशास्त्राच्या दप्तरी दाखल केला.

चुलीला धुराडे जोडावे हा विचार मात्र त्याहून जुना, आणि त्याचे एक माहेर महाराष्ट्रातच आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधमाश्या असे नाना प्रयोग सुरू झाले. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटयांची नगरी शृंगारली होती व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते; त्याच विचारपरंपरेतून पुढे १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' ही धुराडे असलेली मातीची चूल मगनवाडीत सिद्ध झाली. हैदराबादेत एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये लक्षावधी गरिबांच्या धूररहित स्वयंपाकघरांसाठी एक पुस्तिकाच लिहिली. कल्पना अगदी साधी होती. आपल्या चुलीच्या शेजारी वैल असतोच, म्हणजे मुख्य चुलीची उरलीसुरली ऊब घेऊन आमटी कढत ठेवणारे दुसरे तोंड. त्या वैलाच्या मागे एक भोक पाडून तेथून नळी उभी छताबाहेर काढावयाची, म्हणजे ऊब दोन भांड्यांना देऊन झाल्यावर धूर आपल्या वाटेने आकाशात जाईल.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि पुढील दोन दशकांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या. महाराष्ट्रात ती 'निर्धूर चूल' म्हणून ओळखली गेली. पंचायत समितीचा गवंडी येई, साचा ठेवून मातीची चूल बसवी, सिमेंटच्या नळीचे दोन तुकडे एकावर एक उभे करी, वर टोपी घाली आणि वहीवर अंगठा घेऊन जाई. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभारलेल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, कुंभारांना चुलींचे शिक्षण देऊन त्यांचा चरितार्थ या कामाशी जोडण्याचा जो मार्ग धरला तो मला सरकारी मार्गापेक्षा शहाणपणाचा वाटतो. कारण कुंभार गावातच राहतो आणि चूल बिघडली तर त्याच्या दारात उभे राहता येते. सरकारी दप्तरात चूल बसली याची नोंद होती, तिचे धुराडे पुढे कोणी व केव्हा साफ करावयाचे याचा रकाना नव्हता. २००२ साली केंद्राने तो कार्यक्रम आवरता घेऊन राज्यांकडे सोपवला.

हा रकाना नसल्याची किंमत किती, हे ओडिशात मोजले गेले. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील अडीच हजारांहून अधिक कुटुंबांचा धुराडे असलेल्या चुलींच्या संदर्भात चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. त्यानंतर तो लाभ नाहीसा झाला. चुली मोडल्या, वापर घटला, निगा राखली गेली नाही. धुराड्याचे शास्त्र चुकले नव्हते. डुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु या निष्कर्षासाठी नोबेल लागत नाही, हे शिंदखेडा तालुक्यातील एका आजीबाईंनी मला अहिराणीत एका वाक्यात सांगितले होते. मी त्यांच्या चुलीमागची काळीठिक्कर, वरून फुटलेली नळी पाहत होतो, त्या भाकरीवरचा हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊ, चुल्हाले रोज पोतारं शे, नळीले कोन पोतारी?"

त्या वाक्यात सगळे आले. चूल ही देवता आहे. सकाळी उठून तिला पोतेरे घातल्याशिवाय विस्तव घालावयाचा नाही, अशी वहिवाट. या वहिवाटीच्या पोटात चुलीची सारी निगा आपोआप होते: राख निघते, भेगा बुजतात, तोंड घडीव राहते. धुराडे बाहेरून आलेले; ते वर जाते, बाईच्या हाताला पोहोचत नाही, आणि छतावर चढण्याचे काम पुरुषाचे असले तरी स्वयंपाकघर पुरुषाचे नाही. म्हणून ते बेवारस.

अमळनेरच्या प्रताप मिलच्या किंवा जळगावच्या खानदेश मिलच्या धुराड्यांची स्थिती याच्या अगदी उलट होती. त्यांच्या बाष्पकांसाठी १९२३ चा बाष्पक कायदा होता, निरीक्षक होता, दाखला होता, आणि दाखल्यावाचून कोळशाचे एक फावडे टाकण्याची सोय नव्हती. घरच्या धुराड्याला कायदा असावा असे मी म्हणत नाही. एक माणूस असावा, इतकेच.

हे काम ज्याच्या अंगावर पडेल त्याला धुराड्यात काय साठते हे आधी समजले पाहिजे. लाकूड जळते म्हणजे आधी त्यातले पाणी जाते, मग त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात, आणि अखेर कोळसा उरतो. त्या वायूंना पुरेशी उष्णता व हवा मिळाली तर ते ज्योत होऊन जळतात. न मिळाली तर धूर होऊन वर जातात. धूर म्हणजे न जळलेले सरपणच. तो नळीतून जाताना तिच्या थंड भिंतीशी त्याची गाठ पडते आणि तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की त्यातील डांबरी वाफा भिंतीवर गोठतात. प्रारंभी ही काजळी भुगा असते, कुंच्याने झडते. ओल्या सरपणाची संगत चालूच राहिली तर तिच्या चकचकीत खपल्या बनतात. आणि शेवटी तिचे काळे, काचेसारखे कठीण लुकण होते, ज्याच्यापुढे कुंचा हात टेकतो. इंग्रजीत याला क्रिओसोट म्हणतात. ते जळते, आणि भडकून जळते.

खानदेशचे सरपण म्हणजे मुख्यत्वे कापसाची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, बाभळीचे जळण आणि गवऱ्या. कापसाची शेवटची वेचणी संपली की माघ-फाल्गुनात शेत मोकळे करण्यासाठी पऱ्हाट्या उपटतात आणि बांधावर किंवा अंगणात त्यांची रास रचतात. त्या वेळच्या उन्हात त्या खडखडीत वाळतात. परंतु रास उघड्यावर राहिली तर आषाढातला एक पाऊस वैशाखाचे सारे वाळवण पुसून टाकतो. लाकडातील ओल शेकडा वीसच्या खाली असावी असा जाणत्यांचा दंडक आहे, आणि ती मोजण्यासाठी यंत्र लागत नाही: वाळलेली पऱ्हाटी मोडताना कट्‌ असा स्वच्छ आवाज करते, ओली वाकते आणि साल सोडते. गवरी धुमसते, ज्योत कमी देते, म्हणून तिचा धूर सर्वांत अधिक. आणि पेटवणीला प्लॅस्टिकची पिशवी वापरण्याची जी नवी खोड आली आहे, ती नळीलाही वाईट आणि फुंकणी तोंडाला लावणाऱ्या बाईलाही.

खानदेशापुरती आणखी एक गोष्ट आहे, जी थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. धुराड्याची ओढ ही आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा ऊन आणि म्हणून हलकी असण्यावर अवलंबून असते. मे महिन्यात दुपारी बाहेर पंचेचाळीस अंश आणि धाब्याच्या घरात त्याहून पुष्कळ गारवा, अशा वेळी नळीतील गार हवा जड असल्यामुळे ती उलटी खाली उतरू पाहते, आणि चूल पेटवताच धूर वर जाण्याऐवजी डोळ्यांत येतो. बाया म्हणतात चूल रुसली. पुष्कळांनी या रुसव्यापायी धुराडे निकामी ठरवून त्याचे भोक चिखलाने लिंपून टाकले. उपाय एवढाच की चूल पेटवण्यापूर्वी वैलामागच्या भोकाशी दोन वाळक्या काडक्या किंवा कागदाचा बोळा जाळून नळीला आधी ऊब द्यावी. ओढ वर वळली की मग चूल पेटवावी. वळूनही धूर आत येत राहिला, तर मात्र दोष उन्हाचा नसून काजळीचा आहे.

धुराडे कसे साफ करतात हे मी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर एका वृद्ध गवंड्याकडून पाहून घेतले. सरकारी चुली बसवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, आणि आपण बसवलेल्या चुलींपैकी किती जित्या आहेत हे विचारताच ते नुसते हसले. त्यांनी आदल्या संध्याकाळीच चूल विझवावयास लावली होती. राखेखाली निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते, कारण त्या तो मुद्दाम राखून ठेवीत; म्हणून राख प्रथम लोखंडी घमेल्यात काढून, पत्र्याने झाकून, कुडापासून आणि कडब्यापासून दूर अंगणात ठेवली. मग भांडी बाहेर, पिठाचा डबा बाहेर, चुलीच्या व वैलाच्या तोंडात ओले गोणपाट घट्ट. काजळीचा भुगा इतका हलका की हे गोणपाट नसेल तर साफसफाईनंतर नळी स्वच्छ आणि घर काळे अशी गत व्हावयाची. नाकातोंडावर ओल्या उपरण्याचा वेढा, डोळ्यांवर दुचाकीस्वाराचा साधा चष्मा. शिडीचे पाय एकाने धरावयाचे आणि तो एकजण जागचा हलणार नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. कौले व पत्रा यांवर पाय न देता आडव्या टाकलेल्या फळीवर द्यावयाचा, आणि वारा सुटलेला असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावयाचे.

टोपी काढल्यावर त्यांनी दोराच्या टोकाला मुठीएवढा दगड बांधला आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर काथ्याचा गुंडा, नळीच्या पोकळीत जेमतेम घुसेल असा, आवळला. सिमेंटच्या नळीत लोखंडी सळई खुपसू नये, तिला तडा जातो, आणि तडा आतून कळत नाही. दोर खाली सोडावयाचा, वर ओढावयाचा, पुन्हा सोडावयाचा. पहिल्या दोन खेपांना गुंडा अडखळला, मग काजळी दडदड खाली पडल्याचा आवाज आला. दहाबारा खेपा झाल्यावर ते खाली उतरले आणि त्यांनी वैलामागच्या वाकणात हात घातला. नळी स्वच्छ करून लोक समाधान मानतात व हे वाकण विसरतात, आणि वस्तुतः तुंबते तेच. वरून झाडलेली सारी काजळी तेथेच येऊन बसते. पळीने ते सगळे उपसून झाल्यावर त्यांनी घरातला दाढीचा आरसा मागवला, वाकणात तिरका धरला, आणि मला पाहावयास सांगितले. आरशात आभाळाचे एक वाटोळे निळे नाणे दिसत होते. नाण्याची कड कोठे तुटलेली दिसली तर तेथे अजून काजळी आहे, पूर्ण वाटोळे दिसले तर काम झाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. मूठभर ओले गवत चुलीत पेटवून त्यांनी नळीच्या सांध्यांतून धूर निघतो का ते पाहिले, एका सांध्याला शेणमातीचा गिलावा दिला, आणि छतातून नळी जेथे बाहेर पडते तेथे बांबूचा वासा तिला टेकलेला होता तो वीतभर मागे सारून मध्ये विटा व माती भरली. नळीचे तोंड छतापासून हातदोनहात वर, म्हणजे साधारण मीटरभर असावे, नाहीतर वारा धूर परत लोटतो. टोपीभोवती पाखरांसाठी जाळी. परंतु फार बारीक नको, ती स्वतःच काजळीने भरते. रोजचा स्वयंपाक होत असेल तर महिन्यातून एकदा पाहणी, आणि आतल्या भिंतीवरचा थर ३ मिलिमीटरचा, म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढा झाला की सफाई. जुन्या नळ्यांपैकी काही अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या आहेत. त्या कोरड्या खरवडू वा तोडू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते, त्या बदलून टाकणेच इष्ट.

काजळीचा भुगा त्यांनी खड्ड्यात पुरला आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्यावाचून चहाच्या कपाला स्पर्श केला नाही. त्यांची ती सवय पाहून मला १७७५ सालचे लंडन आठवले. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने त्या वर्षी असे नमूद केले की धुराडी झाडणाऱ्या पोरांना मोठेपणी जो एक विशिष्ट कर्करोग होतो त्याचे मूळ अंगाला चिकटून राहणाऱ्या काजळीत आहे. एखाद्या धंद्याशी कर्करोगाचा संबंध दाखवणारा हा पहिलाच दाखला. इंग्लंडात तेव्हा अरुंद धुराड्यांत लहान मुले चढवीत. कायदे झाले, मोडले, पुन्हा झाले. आणि १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथील रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा अडकून मरण पावला तेव्हा कोठे धुराडी झाडणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा मंजूर झाला. आपल्याकडे घरांना धुराडीच नव्हती म्हणून हे पाप आपल्या माथी आले नाही. आणि तरीही काजळीशी आपले नाते जुने व गोड आहे: तान्ह्याच्या डोळ्यांत ती, आणि डिंकात खलून केलेल्या शाईत तीच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जे जुने कागद जपले आहेत, तशा कागदांवरची काळी अक्षरे शेकडो वर्षे फिकी पडत नाहीत ती या काजळीच्याच शाईने.

धुराड्याला आग लागते ही गोष्ट खानदेशात सांगितली तर लोक चमत्कारिक दृष्टीने पाहतात. धुराड्यात आगच तर असते, असे त्यांचे म्हणणे. परंतु साठलेले लुकण पेटले म्हणजे नळीत आगगाडी गेल्यासारखा घोंगावणारा आवाज होतो, टोपीतून ठिणग्या उडतात, आतील तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते, आणि पऱ्हाट्यांची रास जर छताला लागून असेल तर पुढचे सांगावयास नको. अशा वेळी नळीवर पाणी ओतू नये, तापलेली नळी फुटते व आग घरात येते. चुलीच्या व वैलाच्या तोंडाला ओली माती किंवा तवा लावून हवा तोडावी, माणसे व जनावरे बाहेर काढावी, छतावर व राशीवर पाणी मारीत राहावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलाला कळवावे. काही ठिकाणी काजळी जाळून टाकण्यासाठी मुद्दाम नळीत पेटते गवत सोडतात किंवा घासलेट ओततात. ही शुद्ध आत्महत्येची तजवीज आहे.

आता कोणी म्हणेल, १ मे २०१६ रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघर गॅस आला, मग या जुन्या रडगाण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन हे, की गॅस आला म्हणून चूल गेली नाही. चहा व वरण गॅसवर आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी मी धुळे-जळगावच्या असंख्य घरांत पाहिली आहे. टाकी महाग झाली की वाटणी चुलीकडे झुकते. मांड्यांचे खापर गॅसवर चढत नाही. आणि भरीत! भौगोलिक मानांकन मिळालेली आमची ती मोठी हिरवी-पांढरी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर उघड्यावर भाजली नाहीत तर ते भरीत खानदेशी माणूस भरीत म्हणून कबूल करणार नाही, कारण तेथे धूर हा दोष नसून मसाला आहे. तो धूर शेतात आणि वर्षातून चार वेळा. रोज तीन वेळा चार भिंतींत घेतलेल्या धुराशी त्याची गल्लत मी होऊ देणार नाही, आणि 'चुलीवरचे जेवण' अशी पाटी लावून हमरस्त्यावर ढाबे चालवणाऱ्यांच्या भटारखान्यात भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या डोक्यावर धुराडे आहे की नाही हे गिऱ्हाइकाने एकदा आत डोकावून पाहावे, अशी माझी सूचना आहे.

आमच्या घरी आता हे काम माझ्या नावावर चढलेले आहे. मी ते मागून घेतले, कारण ज्याला शिडीवर चढता येते त्याने खाली बसून धुराबद्दल सहानुभूती व्यक्त करीत राहणे मला बरे वाटेना. नवरात्रापूर्वीच्या रविवारी एकदा, संक्रांतीनंतर एकदा, आणि मृगापूर्वी एकदा, अशी बंबाच्या नळीची पाळी असते. चुलीच्या नळीची महिन्याची. मुलाने नळीवर खडूने तारीख लिहिण्याची पद्धत पाडली आहे.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा अभ्यंगस्नानाला थोडेच दिवस उरलेले असतील. बंब घासून झाला असेल तर त्याची नळी उतरवून एकदा तीतून आभाळ पाहा. आणि त्या पहाटे थंडी कितीही असली तरी न्हाणीघराच्या झरोक्यात पोते कोंबू नका.